कम्युनिटी कॉलेजात बांधकामाचं काम शिकायचंय: सुतारकाम की वायरिंग, आणि लायसन्सचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, पुण्याची बी.कॉम., काही वर्षं बँकेत नोकरी, आता कॅलिफोर्नियात फ्रीमॉंटला. ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलंय. परत कॉम्प्युटरसमोर बसायचं नाही, हाताने काम करायला आवडतं, म्हणून कम्युनिटी कॉलेजातल्या (म्हणजे इथल्या स्थानिक सरकारी कॉलेजातल्या) बांधकामाच्या कोर्सला नाव घालायचा विचार आहे. 'सुतारकाम घेऊ की इलेक्ट्रिशियनचं? मागणी कशाला जास्त? आणि दोन वर्षांनी लायसन्स मिळेल ना?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, मिळणार नाही. कॉलेज सर्टिफिकेट देतं. लायसन्स राज्य देतं, आणि ते नुसते वर्गात बसल्याचे तास बघत नाही, मुख्यतः साइटवर केलेल्या कामाचे तास बघतं. मागणी बांधकामातल्या बहुतेक कामांना आहे, त्यामुळे 'कशाला जास्त' या प्रश्नावर फार वेळ घालवू नका. तुमचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो: वर्गातल्या तासांवरून पगाराच्या तासांवर कसं जायचं आणि मध्ये वर्षं वाया कशी घालवायची नाहीत. कॉलेज निवडताना, ट्रेड निवडताना, अगदी कुठला वर्ग आधी घ्यायचा हे ठरवतानाही हाच निकष लावा.

तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे हे मी धरून चाललोय. एच-४ वर (एच-१बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या वाचकांसाठी एवढंच: शिकायला हरकत नाही, पण वर्क परमिटशिवाय पगारी काम करता येत नाही, आणि ॲप्रेंटिसशिप म्हणजे पगारी नोकरीच. तेव्हा वर्ग जरूर करा, पण पुढची पायरी कागद आल्यावरच चढता येईल.

पैशांचं पटकन सांगतो. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटमागे ४६ डॉलर आहे, म्हणजे सहा युनिटांचे २७६. त्यावर आरोग्य शुल्क, पार्किंग अशी चिल्लर. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्षाहून जास्त वास्तव्याचा पुरावा लागतो, नाहीतर फी कैक पटींनी वाढते. तो पुरावा प्रवेशाच्या खिडकीवर आधीच दाखवून ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना केंद्र सरकारच्या मदतीसाठी अर्ज करता येतो हे खरं, पण पेल ग्रँट हे त्यातलं नेहमीचं अनुदान पदवी झालेल्यांना मिळत नाही, आणि भारतातली पदवीही त्यात धरली जाते. तुमची बी.कॉम. इथे आड येईल. उत्पन्न कमी असेल तर राज्याची फीमाफी आहे, कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट. ती वेगळी, तिचा फॉर्म जरूर भरा.

आता कोर्स. कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वर्गापुढे युनिट लिहिलेले असतात आणि आपले लोक तेवढेच बघतात. त्याच्या शेजारचे लेक्चर आणि लॅबचे तास बघा. सत्रभरात एक युनिट लेक्चर म्हणजे साधारण १८ तास, तर एक युनिट लॅब म्हणजे ५४ तास. दोन वर्ग, दोन्ही तीन-तीन युनिटांचे. एक निव्वळ लेक्चरचा, तो ५४ तासांत संपला. दुसरा एक युनिट लेक्चर आणि दोन युनिट लॅब, म्हणजे १२६ तास. फी तीच. हात तयार होतो तो दुसऱ्यात. फक्त तो वर्ग आठवड्यातून दोनदा साडेतीन-साडेतीन तासांचा असतो, बऱ्याचदा संध्याकाळी सहाला सुरू होतो. घरी मूल लहान असेल तर त्या वेळेची सोय आधी लावा, कारण लॅब बुडाली की भरून काढता येत नाही. जिन्याचं माप काढायचं ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी तुम्ही नव्हता, तर पुढच्या आठवड्यात बाकीचे जिना कापत असतात आणि तुम्ही झाडू मारत.

सोळा किंवा जास्त युनिटांचं सर्टिफिकेट पुरे. साठ युनिटांच्या असोसिएट डिग्रीमागे (कॉलेजच्या दोन वर्षांच्या पदवीमागे) लागू नका. त्यातले बरेच युनिट इंग्रजी, इतिहास वगैरेंचे असतात आणि तुमची पदवी झालेलीच आहे. कॉलेजचे समुपदेशक डिग्रीकडे ढकलतील, त्यांचा हिशेब वेगळा असतो.

कुठलं कॉलेज? जवळचं बघायच्या आधी वर्कशॉप बघा. सगळ्या कॉलेजांत हे ट्रेड नसतात. तुमच्या बाजूला ओकलंडचं लेनी कॉलेज या कामासाठी जुनं आणि नावाजलेलं आहे. सुतारकाम, लाकूडकाम, वीज, वातानुकूलन, वेल्डिंग असे विभाग एकाच आवारात आहेत आणि बार्ट या लोकल रेल्वेचं लेक मेरिट स्टेशन अगदी शेजारी, फ्रीमॉंटहून गाडी न बदलता जाता येतं. कुठेही गेलात तरी प्रवेशाच्या आधी संध्याकाळचा वर्ग चालू असताना वर्कशॉपमध्ये डोकावा. एका टेबल सॉमागे किती विद्यार्थी थांबलेत ते मोजा. विद्यार्थी खरी भिंत उभी करून त्यात खिडकी बसवतात की नुसते नमुने करून कोपऱ्यात रचतात ते बघा. मग शिक्षकांना दोन गोष्टी विचारा. इथून गेल्या वर्षी कुठल्या ॲप्रेंटिसशिपमध्ये मुलं लागली? आणि दुसऱ्या पातळीचा वर्ग दर सत्राला असतो की वर्षातून एकदाच? दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण बहुतेकांचं वर्ष तिथेच जातं. पहिला वर्ग जानेवारीत घेतला, दुसरा फक्त ऑगस्टला सुरू होतो, आणि पुरेशी नावं आली नाहीत तर तोही रद्द. म्हणून दोन वर्षांचं वेळापत्रक मागून घ्या आणि शेवटून मागे मोजत या.

सुतारकाम की वायरिंग? राज्याचे नियम दोघांना वेगळे लागू होतात. कॅलिफोर्नियात सुताराला नोकरी करण्यासाठी राज्याचं वैयक्तिक प्रमाणपत्र लागत नाही. उद्या कुणी घेतलं तर उद्यापासून काम. इलेक्ट्रिशियनचं तसं नाही. सी-१० (विजेच्या कामाचं) लायसन्स असलेल्या कंत्राटदाराकडे वायरिंगचं काम करायचं तर एकतर प्रमाणित इलेक्ट्रिशियन असावं लागतं, नाहीतर राज्याकडे ट्रेनी म्हणून नोंदणी आणि राज्यमान्य संस्थेत शिक्षण चालू असावं लागतं, किंवा मग नोंदणीकृत ॲप्रेंटिसशिपमध्ये असावं लागतं. जनरल इलेक्ट्रिशियनच्या परीक्षेला बसायला ८,००० तासांचं काम दाखवावं लागतं, फक्त घरांच्या वायरिंगसाठी ४,८००. वर्षाला पूर्ण वेळ काम केलं की साधारण २,००० तास होतात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. कॉलेजात वीज शिकवतात म्हणजे ते राज्याच्या मान्य यादीत असेलच असं नाही. फी भरण्याआधी यादीत नाव शोधा. नसेल तर तिथे शिकलेलं डोक्यात राहील, पण ट्रेनी कार्डाला उपयोगी पडणार नाही.

माझा कल असा: वायरिंगच करायचं ठरलं असलं तरी पहिलं सत्र फ्रेमिंगचं, म्हणजे घराचा लाकडी सांगाडा उभा करण्याचं घ्या, सोबत बांधकामाचं गणित आणि नकाशावाचन. आपल्याकडे भिंत म्हणजे वीट आणि सिमेंट, वायरसाठी छिन्नीने खाच पाडायची आणि लिंपून टाकायचं. इथली भिंत लाकडी सांगाडा आहे. त्यात भोक कुठे चालतं हे माहीत नसलेला इलेक्ट्रिशियन सुताराचं काम कमजोर करून ठेवतो. टू बाय फोर नावाचं लाकूड प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असतं. भार घेणाऱ्या भिंतीतल्या स्टडला (सांगाड्यातल्या उभ्या लाकडाला) रुंदीच्या ४० टक्क्यांपर्यंतच भोक पाडता येतं, म्हणजे जेमतेम एक इंच तीन सूत. शिवाय विजेच्या नियमाप्रमाणे भोकाच्या कडेपासून लाकडाची कड सव्वा इंच तरी दूर हवी, नाहीतर वर पोलादी पट्टी ठोकावी लागते, म्हणजे पुढे ड्रायवॉलचा (सांगाड्यावर बसवायच्या जिप्समच्या पत्र्याचा) स्क्रू वायरमध्ये घुसत नाही. आता एक इंचाचं भोक बरोबर मधोमध पाडलं तर दोन्ही बाजूंना नेमके सव्वा-सव्वा इंच उरतात. ड्रिल एक सूत इकडे-तिकडे सरकलं की पट्टी आलीच. म्हणून वायरिंगला पाऊण इंचाचं बिट वापरा, चूक पोटात घेण्याइतकी जागा राहते.

सूत हा शब्द मुद्दाम वापरला. भारतातून आलेल्यांची पहिली अडचण भाषा नसते, इंच असतो. दहावीपर्यंत सगळं मिलिमीटरमध्ये, आणि इथे टेपवर सोळावे भाग. पण आपल्याकडचे सुतार आणि गवंडी अजूनही सुतातच बोलतात: इंचाचे आठ सूत, दोन सूत म्हणजे पाव इंच. इथल्या टेपवरची सगळ्यात बारीक रेघ म्हणजे अर्धा सूत. आणि पावणे, सव्वा, साडे हे शब्द मराठी माणसाच्या जिभेवर आहेतच, इथल्या मुलांना ते अपूर्णांक घोकावे लागतात. कॅल्क्युलेटरवर दशांश आला तर अपूर्णांकाच्या भागाला सोळाने गुणा. ७.५७१ आले तर ०.५७१ गुणिले १६ म्हणजे ९.१, म्हणजे सात इंच आणि सोळापैकी नऊ. आपल्या भाषेत साडेसात इंच अर्धा सूत. झालं.

हेच उदाहरण जिन्याचं आहे, कारण परीक्षेत आणि साइटवर दोन्हीकडे माणसं जिन्यावरच आपटतात. समजा खालच्या तयार जमिनीपासून वरच्या तयार जमिनीपर्यंत उंची १०६ इंच. घरासाठी एका पायरीची उंची जास्तीत जास्त पावणेआठ इंच, पायरीची खोली किमान दहा इंच. १०६ भागिले ७.७५ म्हणजे १३.६८. पूर्ण संख्या वरची घ्यायची, १४. मग १०६ भागिले १४ केलं की आला तोच आकडा, ७.५७१. पाय ठेवायच्या फळ्या एक कमी, १३, म्हणजे जिन्याला आडवी जागा १३० इंच. इथपर्यंत सगळे येतात. चूक पुढे होते. स्ट्रिंगर (पायऱ्या ज्यावर बसतात ते बाजूचं तिरकं लाकूड) कापताना खालच्या टोकातून फळीची जाडी वजा करायची असते. ती विसरली आणि फळी एक इंच जाड असली, तर सगळ्यात खालची पायरी एक इंच उंच होते आणि सगळ्यात वरची एक इंच बुटकी. सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत जास्तीत जास्त तीन सुतांचा फरक चालतो, इथे दोन इंच झाला. इन्स्पेक्टर टेप लावणार आणि जिना उतरवायला सांगणार. बरोबर आहे त्याचं, माणूस जिना चढताना खाली बघत नाही, पाय आधीची उंची लक्षात ठेवून उचलला जातो.

पहिल्या महिन्यातली दुसरी ठरलेली चूक म्हणजे स्टडची आखणी. स्टड मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर असतात, आणि नवा विद्यार्थी टेप लावून १६, ३२, ४८ वर रेघा मारतो, रेघेपुढे स्टड उभा करतो. मग चार फुटी प्लायवुडची कड येते ४८ वर आणि स्टड तिथे नुकता सुरू होतो, खिळा मारायला लाकूडच नाही. स्टडची अर्धी जाडी पाऊण इंच, ती आधी वजा करा: पहिली रेघ सव्वापंधरावर, मग सव्वाएकतीस, सव्वासत्तेचाळीस, आणि फुली रेघेच्या पुढच्या बाजूला. आता तिसरा स्टड सव्वासत्तेचाळीसपासून पावणेएकोणपन्नासपर्यंत, प्लायची कड त्याच्या बरोबर मधोमध, दुसऱ्या फळीलाही पाऊण इंच उरतो. काटकोन तपासायला तीन-चार-पाच इथेही तेच, फक्त मोठ्या कामाला सहा, आठ आणि दहा फूट घ्या. जितका मोठा त्रिकोण तितकी चूक लहान.

वायरिंगच्या वर्गात जाल तेव्हा एक सवय दारातच सोडा. भारतातल्या जुन्या घरांत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. इथे काळी वायर ही जिवंत असते. न्यूट्रल पांढरी, अर्थ हिरवी किंवा उघडी तांब्याची. घरी बाबांना फ्यूज बदलताना बघितलेला हात काळ्या वायरीला निर्धास्त धरायला जातो. रंगावर विश्वासच ठेवू नका. ब्रेकर पाडा, टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो चालतोय याची खात्री करा, मग कामाच्या वायरीवर, मग परत चालू सॉकेटवर. आकडाही उलटा चालतो: १४ नंबरची वायर १२ नंबरपेक्षा बारीक. १४ ला १५ अँपिअरचा ब्रेकर, १२ ला २० चा. १४ च्या वायरीवर २० चा ब्रेकर बसवला की वायर तापते आणि ब्रेकर मात्र शांत बसतो.

ॲप्रेंटिसशिप हा यातला मोठा दरवाजा. नोंदणीकृत ॲप्रेंटिसशिपमध्ये पहिल्या दिवसापासून पगार, वर्षाला साधारण २,००० तास काम, आणि सोबत वर्ग. त्या वर्गांसाठी १४४ तास वर्षाला हा नेहमीचा मापदंड. सुतारकाम साधारण चार वर्षं, युनियनकडची मोठ्या इमारतींची वायरिंग पाच. वयाची वरची मर्यादा नाही, ३६ ला काही अडत नाही. इलेक्ट्रिशियनच्या युनियनला बीजगणित शिकल्याचा पुरावा लागतो, आणि प्रवेशपरीक्षेत बीजगणित आणि इंग्रजी वाचन असतं. तुमची दहावीची गुणपत्रिका ते मानतील का हे आधीच विचारा. मूल्यांकन करून घ्यायला वेळ जातो, त्यापेक्षा कॉलेजात एका सत्रात बीजगणिताचा वर्ग करणं कधीकधी सोपं पडतं. मग कॉलेजचा उपयोग काय? मुलाखतीत. ओशा-१० चं (साइटवरच्या सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं) कार्ड, फ्रेमिंगचं सर्टिफिकेट, वेळेवर येत असल्याबद्दल शिक्षकाची चिठ्ठी. हजेरीवर शिक्षकाने लिहिलेली एक ओळ मार्कांपेक्षा भारी पडते. काही कॉलेजं एमसी-३ नावाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम चालवतात, तो बांधकाम युनियनांचाच आहे, मिळाला तर सोडू नका. बायकांसाठी ओकलंडला ट्रेड्सवुमेन इन्क. ही संस्था आहे. हार्नेस आणि हातमोजे आपल्या मापाचे कुठे मिळतात इथपासून मुलाखतीच्या तयारीपर्यंत विचारता येतं.

शरीराचा प्रश्न टाळू नका. चार बाय आठ फुटांची अर्ध्या इंची ड्रायवॉल पन्नास पौंडांच्या आसपास भरते, काँक्रीटची तयार गोणी ८० पौंड. ते एकदा उचलणं अवघड नाही, दिवसभर उचलणं वेगळं. वर्कशॉपचं एक सत्र ही त्याची स्वस्त चाचणी आहे.

हत्यारांवर आधी पैसे उधळू नका. २५ फुटी टेप, १६ औंसाचा हातोडा, सात इंची स्पीड स्क्वेअर (त्रिकोणी गुण्या), चॉक लाइन (रेघ मारायची खडूची दोरी), कटर, लहान लेव्हल, झेड-८७ (सुरक्षेचं मानक) छापलेला चष्मा, आणि चांगले बूट. खर्च करायचा तो बुटांवर. बॅटरीच्या ड्रिलचा भलामोठा संच पहिल्या सत्रात घेऊ नका, कॉलेजात सगळं असतं आणि कुठल्या कंपनीची बॅटरी परवडेल हे कामाला लागल्यावर कळतं.

अजून एक मोह आहे. सहा महिन्यांत हात बसला की ओळखीतले मराठी लोक विचारू लागतात: आमचं किचन करून देशील का? लायसन्स नसताना मजुरी आणि सामान धरून १,००० डॉलरच्या आतलंच काम घेता येतं, तेही बांधकामाचं परमिट लागत नसेल आणि तुम्ही मदतनीस ठेवला नसेल तर. ही मर्यादा १ जानेवारी २०२५ पासूनची, आधी ५०० होती. त्यावरचं काम केलं आणि गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर तुम्हाला ते कोर्टात मागता येत नाहीत, उलट गिऱ्हाईकच दिलेले पैसे परत मागू शकतं. ओळखीतल्या माणसाशीही हे होतं. स्वतःच्या घरात मात्र मालक म्हणून परमिट काढून काम करता येतं, आणि शिकायला यापेक्षा बरी जागा नाही. स्वतःचा धंदा करायचा असेल तर राज्याच्या कंत्राटदार मंडळाला गेल्या दहा वर्षांतला चार वर्षांचा जर्नीमन पातळीचा (देखरेखीशिवाय काम करू शकणाऱ्या पूर्ण कारागिराचा) अनुभव लागतो. प्रशिक्षणाबद्दल त्यात जास्तीत जास्त तीन वर्षांची सूट मिळू शकते, एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं हवंच. म्हणून आजपासून प्रत्येक पगाराची पावती, मालकाचं नाव, तारखा आणि केलेल्या कामाचं वर्णन एका वहीत ठेवा. चार वर्षांनी जुना मालक धंदा बंद करून गेलेला असला की ती वहीच उपयोगी पडते.

ऑगस्टचं सत्र धरायचं असेल तर नोंदणी उघडेल त्या दिवशीच फ्रेमिंगच्या वर्गात नाव घाला, संध्याकाळचे वर्ग लवकर भरतात. भरला असला तरी वेटलिस्टवर राहा आणि पहिल्या दिवशी बूट आणि चष्मा घालून दारात उभ्या राहा. नाव घातलेले काहीजण पहिल्या दिवशी येतच नाहीत, आणि त्यांच्या जागा समोर हजर असलेल्यांना मिळतात.